मलइयोनंतरचं दूध

सासऱ्याचं चित्र झाकलं जातं म्हणून सुनेला सासऱ्याच्याच ओट्यावरून उठवलं. ही गोष्ट ज्याला ज्याला सांगते तो आधी हसतो. हसा बापडे. मी त्याच गल्लीत राहते, मला हसू येत नाही.

चौखंब्याच्या आमच्या गल्लीत मेहरोत्रांच्या मोठ्या घराला बाहेरून एक दगडी ओटा आहे. थंडीचे तीन महिने रोज सकाळी त्या ओट्यावर मलइयो मिळते. माझ्या आठवणीत तिथं आधी बिरजू सरदार बसायचे. आमच्या बनारसमध्ये गवळ्याला सरदार म्हणतात. त्यांच्यामागून त्यांचा मुलगा बसला आणि तो गेल्यावर त्याची बायको, धनेसरी. सगळी गल्ली तिला भौजी म्हणते, म्हणजे वहिनी. ऐंशीच्या म्हाताऱ्याचीही ती भौजी आणि दप्तर घेऊन चाललेल्या पोराचीही भौजीच.

मलइयोला दूध लागतं, दव लागतं आणि खांदे लागतात. दूध आटवून रात्रभर गच्चीवर उघड्यावर ठेवायचं, पहाटे रवीनं घुसळत बसायचं आणि वर येईल तो फेस हलक्या हातानं काढून परातीत रचायचा. केशर, वेलची, साखर. जिभेवर ठेवली की संपली. हिला थंडी मानवते आणि ऊन सोसत नाही. ऊन लागलं की फेस बसतो, आणि बसलेला फेस कुणी तोंडात घालत नाही. मेहरोत्रांच्या ओट्यावर दुपार होईतो ऊन फिरकत नाही. भौजीचं सगळं पोट त्या सावलीवर होतं. बाकीचे नऊ महिने ती दोन म्हशींचं दूध घरोघर घालते, पण दूध काय, कुणीही घालतं. वर्षाचा खर्च निघतो तो त्या तीन महिन्यांत.

ओटा कागदावर मेहरोत्रांचा. पण आताचा मालक निकुंज, त्याच्या आजोबांनी भाडं म्हणून कधी काही घेतलं नाही. पहिलं कुल्हड, म्हणजे मातीचा पेला, घरातल्या ठाकुरजींच्या नैवेद्याला जायचं, एवढाच काय तो करार.

हा निकुंज माझ्याकडे भूगोल शिकलेला. नकाशात गंगा उलटी वाहवायचा. पुढं बाहेरगावी जाऊन मोठा झाला, परत आला आणि राहत्या घराचं हॉटेल केलं. केलं तर केलं, घर त्याचं आहे. मग त्याच्या डोक्यात आलं की बाहेरच्या भिंतीवर बनारसचं काहीतरी चित्र हवं. आला भौजीकडे. म्हणाला, बिरजू सरदारांचा फोटो द्या, त्यांना भिंतीवर काढतो.

भौजीनं हार घातलेला फोटो खिळ्यावरून काढला, काच पदरानं पुसली आणि दिला. कुठूनसा एक चित्रकार आला, शिडी लावून आठवडाभर रंगवत बसला. चित्र चांगलं झालं, नाही कशाला म्हणू? दोन पुरुष उंचीचे बिरजू सरदार, पिळदार मिशा, मांडीशी पितळी परात. भौजी खाली उभी राहून बघत राहिली आणि मग भिंतीला हात लावून तिनं चित्राच्या पाया पडून घेतलं.

दोनच दिवसांनी निकुंज तिला म्हणाला, "भौजी, तुम्ही आता जरा नाक्यावर बसाल का? चित्राच्या आड येता. पाहुण्यांना फोटो नीट घेता येत नाही."

आड येता! मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच. मेलेला सासरा भिंतीवर दागिना झाला, आणि जिवंत सून खरंखुरं दूध घेऊन बसलीय तर ती आड येते. मला कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच चपला अडकवून मेहरोत्रांकडे गेले.

"निकुंज, बाहेर ये."

"प्रणाम मावशी. या ना, चहा सांगू?"

"चहा तुझ्या पाहुण्यांना पाज. भौजीला का उठवलंस?"

"उठवलं कुठं, मावशी? थोडं सरकवलं. त्या तर आपला वारसा आहेत."

"वारसा असा उन्हात ठेवतात होय रे?"

"अहो, ती कलाकृती आहे. तिच्यापुढं बादली, घागर, उष्ट्या कुल्हडांचा ढीग... बरं दिसत नाही. आणि मी त्यांच्या घराण्याचा मानच केलाय की. बिरजू सरदारांना अमर केलंय."

"सासरा अमर आणि सून उपाशी. चांगला मान केलास."

"मावशी, ओटा आमचा आहे," तो म्हणाला. हसत म्हणाला, तेच जास्त झोंबलं.

मी तिथं घसा कोरडा पडेपर्यंत बोलले. गल्ली गोळा झाली, सगळ्यांनी माना डोलावल्या. मला पाणी आणून दिलं कुणीतरी. मी पाणी प्यायले आणि घरी आले.

भौजी नाक्यावर बसू लागली. नाक्यावरचं जुनं घर पाडून तिथं स्कूटर लावायला जागा केली आहे, त्यामुळं गंगेवरून वर आलेलं ऊन थेट तिथं पडतं. तिनं दोन बांबूंना जुनी साडी बांधली. साडीतून ऊन गाळून येतं, थांबत नाही. पहाटेपासून घुसळून काढलेला फेस दुकानं उघडायच्या आत खचायला लागायचा. गिऱ्हाईक यायचं, परातीत डोकावायचं आणि "आज बसली वाटतं" म्हणून पुढं जायचं. भौजी त्यावर काही बोलायची नाही. तिचा स्वभावच तसा, भांडणाला दूध घालायचा नाही.

तिच्या वाटची भांडणं आम्ही घातली! बचऊच्या पानाच्या ठेल्यावर रोज सभा. निकुंजच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. लल्लन गुरू, जुने पैलवान, आता गुडघे गेलेत पण आवाज आखाड्यातलाच आहे, ते मांडीवर थाप मारून म्हणायचे, "महादेवाची शपथ, बचऊ, या पोराच्या हॉटेलात लल्लन पाणी पिणार नाही!"

"पाणी कोण पाजतंय तुम्हाला, गुरू? तिथं पाण्याचीच किंमत तुमच्या धोतराएवढी आहे."

"म्हणून तर शपथ घेतली!"

आणि मग आमंत्रणं आली. हॉटेलचं उद्घाटन, रविवारी सकाळी, पर्यटनाचे कुणी मोठे साहेब येणार, गल्लीतल्या सर्वांनी सहकुटुंब यावं, मलइयोचा आस्वाद घ्यावा. जाड कागद, सोनेरी अक्षरं. त्या कागदानं काय जादू केली कोण जाणे, ठेल्यावरच्या शिव्या एकदम पातळ झाल्या. फुकट ते पौष्टिक. शनिवारी न्हाव्याकडे रांग होती, मी या डोळ्यांनी पाहिली.

मी लल्लन गुरूंना गाठलं. "गुरू, तुम्हीसुद्धा?"

"जाणार की. त्याच्या अंगणात बसून त्याला शिव्या घालणार. घरबसल्या घालून त्याला ऐकू जात नाहीत, मास्टरीणबाई."

"आणि शपथ?"

"शपथ पाण्याची होती."

आता यावर काय बोलणार! पण मीही गेले. साहेबांसमोर चार शब्द सुनवायचे असं ठरवूनच गेले. इस्त्रीची साडी नेसले, ते वेगळं.

अंगणात खुर्च्या, झेंडूच्या माळा, कॅमेरेवाले. पुढच्या रांगांत बाहेरचे पाहुणे, मागं गल्ली. दिल्लीहून आणलेला आचारी पांढरी टोपी घालून उभा. वेटरांनी तबकं फिरवली. लांब दांड्याच्या काचेच्या पेल्यांत मलइयो, वर गुलाबाची पाकळी. चव वाईट नव्हती, खोटं बोलून काय मिळणार? गोड जरा जास्त. गल्ली जिभल्या चाटत खात होती. निकुंज हात जोडून फिरत होता. समोर साहेब भाषणाला उभे राहिले आणि बनारसची संस्कृती किती जिवंत आहे ते सांगू लागले.

लल्लन गुरूंनी शेवटचा घास घेतला आणि पेला पुढं धरला.

इथं एक सांगायला हवं. आमच्याकडे मलइयो संपली की रिकामं कुल्हड पुढं करायचं असतं. फेस काढून घेतल्यावर घागरीत जे केशरी दूध उरतं, ते विकणारा त्या कुल्हडात ओततो. त्याचे पैसे नाहीत, ते मागावंही लागत नाही. ते दूध प्यालं की मलइयो खाऊन झाली. तोवर कुणी जागचं हलत नाही, बोटं पुसत नाही आणि पान तर तोंडात घालतच नाही. आईच्या कडेवर असल्यापासून हाताला लागलेली ही सवय आहे.

गुरूंच्या शेजारी बचऊनं पेला पुढं केला. त्याच्यामागं सोनारीणबाईंनी, मग मुनीमजींनी, बघता बघता सगळ्या गल्लीनं. देवाशपथ सांगते, कुणी ठरवलेलं नव्हतं. माझाही हात पुढं गेला होता, माझ्या ध्यानात नंतर आलं.

वेटर आले. त्यांना वाटलं पेले परत देतायत. ते ओढायला लागले, आमचे लोक सोडेनात.

"अहो, धुवायला न्यायचेत."

"धुवायला? अजून खाऊन कुठं झालंय?" बचऊ म्हणाला.

वेटरांनी जाऊन निकुंजला सांगितलं. त्याला वाटलं, अजून हवी असेल. पुन्हा तबकं आली. गल्लीनं पुन्हा खाल्ली, नाही कशाला म्हणायचं, आणि पुन्हा पेले पुढं. साहेबांचं भाषण संपलं. पुढच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. मागून एक टाळी नाही, कारण टाळीला दोन हात लागतात आणि आमचा एकेक हात अडकलेला. साहेब चष्म्यातून मागं बघायला लागले.

निकुंज धावत आला. "गुरू, आता काय राहिलं?"

"दूध."

"कसलं दूध?"

"कसलं दूध! अरे, याच ओट्यावर पाय हलवत मलइयो खाऊन मोठा झालास तू. कसलं दूध म्हणून मला विचारतोस?"

निकुंजच्या चेहऱ्यावरून दिसलं की त्याला आठवलं. तो आचाऱ्याकडे गेला. आचारी म्हणाला, खाली काही उरत नाही साहेब, मशीन सगळ्याचा फेस करतं. मग स्वयंपाकघरातून पिशवीचं दूध साखर घालून आलं. गुरूंनी हुंगलं आणि म्हणाले, "हे चहाचं आहे. याला रात्र माहीत नाही."

"गुरू, लोक बघतायत. उठा ना आता."

"उठणार कसे? मध्येच उठतात का कुणी जेवणावरून?"

इथवर सवय होती. पण निकुंजचा चेहरा पडलेला पाहिला आणि गल्लीला चेव आला. आता जो तो ताठ बसला. पेले उंचावले. कुणीतरी "हर हर महादेव" केलं. कॅमेरेवाल्यांनी पुढच्या रांगांकडे पाठ फिरवली. साहेबांनी विचारलं, हे काय चाललंय, आणि तेव्हा मी उभी राहिले. पाठ करून ठेवलेलं सगळं बोलले: चित्र, ओटा, सासरा, सून, ऊन. आवाज माझा वर्गातला, शेवटच्या बाकापर्यंत जातो. साहेब आधी निकुंजकडे बघत राहिले, मग म्हणाले, "मग त्या बाईंनाच बोलवा ना. त्यात काय एवढं?"

निकुंज नाक्याकडे निघाला. त्याच्यामागं मी, माझ्यामागं गुडघे सावरत लल्लन गुरू आणि त्यांच्यामागं सगळी गल्ली, हातात पेले. आम्ही जिंकलो होतो! काय सांगू, छाती फुगली होती माझी. बचऊ म्हणत होता, "भौजीला खांद्यावरून आणू, गुरू!"

भौजी साडीच्या त्या चिंधीखाली बसली होती. समोर परात. परातीतली मलइयो पार बसली होती, तळाला पिवळं पाणी आणि त्यावर साय. बाजूला कुल्हडांची उतरंड, एकही न वापरलेलं. घागर गळ्यापर्यंत भरलेली.

"भौजी," निकुंज म्हणाला, "चला ना जरा. ही घागर घेऊन. हे लोक दुधावाचून उठत नाहीयेत. काय द्यायचं ते देतो."

"हे दूध विकत नाहीत, बाबू," ती म्हणाली.

"बरं, मग तुमची जागा. जागा परत देतो. उद्यापासून ओट्यावर बसा. आत्तापासून बसा. साहेबांसमोर सांगतो, हवं तर."

मागून आरोळी उठली. कुणी शिट्टी वाजवली. लल्लन गुरू पुढं सरसावले आणि काचेचा पेला भौजीसमोर धरला. "घाल भौजी, पहिलं मला घाल! तुझ्यासाठी साहेबासमोर धरणं धरलं आज."

भौजीनं त्या पेल्याकडे पाहिलं. मग एकेकाच्या हातातल्या पेल्याकडे. माझ्याही.

"काय खाल्लंत, गुरू?"

"मलइयो. म्हणजे त्याची ती, मशीनची."

"दोनदा खाल्ली," मागून कुणीतरी हळूच म्हणालं.

"मग ज्याची खाल्ली त्याच्याकडे दूध मागा," भौजी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "माझ्याकडे आज सकाळपासून कुणी खाल्लेली नाही. एकानं नाही. सगळ्यांनी पोट राखून ठेवलं होतं ना तिकडच्यासाठी. मी दूध कुणाला घालू?"

"अगं, आम्ही तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी? तुमचा ओटा इथून चार पावलांवर आहे, गुरू. त्यावरही सावली असते. इतके दिवस तुम्ही सकाळी त्यावर बसून मला हाक मारता, भौजी, आज बसली का गं लवकर? एक दिवस म्हणालात का, माझ्याकडे येऊन बस म्हणून? या बचऊच्या ठेल्याला ताडपत्री आहे. सोनारीणबाईंचा उंबरा केवढा रुंद आहे. मास्टरीणबाईंच्या दारातून तर हत्ती जाईल. या पोरानं एक ओटा काढून घेतला. बाकीचे सगळे तुमचेच होते की."

मी तोंड उघडलं. इतकी वर्षं वर्गापुढं बोलले, निकुंजपुढं बोलले, साहेबापुढं बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला. तिच्यापुढं शब्द सापडेना. राग आला मला, खोटं सांगत नाही, तिचाच राग आला. आम्ही हिच्यासाठी एवढं केलं आणि ही आम्हालाच बोलते! आणि मग त्या रागात किती पाणी आहे ते माझं मलाच दिसलं. माझ्या दारात खरंच दुपारपर्यंत सावली असते. मी तिथं तुळस ठेवते.

भौजी उठली. बांबूची साडी सोडून तिनं खांद्यावर टाकली.

"जागा घेते, बाबू," ती निकुंजला म्हणाली. "ती माझीच होती, तू देतोस म्हणून नव्हे. आणि फोटो काढायचा असेल त्यानं माझ्यासकट काढावा."

निकुंजनं मान हलवली. कॅमेरेवाले बघत होते, दुसरं करणार काय होता?

"आणि दूध, भौजी?" गुरूंनी अगदी बारीक आवाजात विचारलं. त्यांचा हात अजून पुढंच होता.

"दूध नाही."

तिनं परातीतली बसलेली मलइयो घागरीत ओतली आणि परात डोक्यावर घेतली. घागर उचलायला वाकली, तेव्हा मी पुढं होऊन दुसऱ्या बाजूनं काठ धरला. भरलेली घागर होती, जड होती, पासष्टीची बाई ती एकटी कशी नेणार, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

"सोडा, मास्टरीणबाई," ती म्हणाली. "रोज मी एकटीच आणते."

मी सोडला. ती घागर कमरेवर घेऊन आमच्यामधून गेली. वाट देण्यासाठी आम्ही भिंतीला चिकटलो, पेले सांभाळत, फुटू नयेत म्हणून.